स्टॅटिनच्या गोळीसोबत इसबगोल की लाल यीस्ट तांदूळ?

ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी ज्यांच्या रोजच्या जेवणात आहे, अशा लातूर-नांदेडकडच्या घरांतही आता ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधाची गोळी नित्याची झाली आहे, आणि तिच्या जोडीला 'नैसर्गिक' काही घ्यावे का, हा प्रश्न ओघाने येतोच.

इसबगोलातील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले (चरबी पचवण्यासाठी यकृतात तयार होणारी आम्ले) धरून ठेवतात, त्यामुळे नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. गोळीचे कार्य याहून वेगळे असल्याने दोन्हींचा मेळ बसतो. मात्र इसबगोल भरपूर पाण्यासोबत आणि औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवूनच घ्यावे.

लाल यीस्ट तांदळाच्या, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या, कॅप्सूलचे तसे नाही, आणि माझी खरी काळजी इथेच आहे. तिच्यातील मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच, ज्याला १९८७ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे गोळी चालू असताना ही कॅप्सूल घेणारा माणूस नकळत दुसरे स्टॅटिन घेत असतो, शिवाय त्याची मात्रा उत्पादनागणिक बदलते. यातून स्नायूंना व यकृताला इजा होऊ शकते. शेतकामाने अंग दुखते, असे समजून आपल्याकडे असे दुखणे अंगावर काढले जाते; त्यासोबत लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कॅप्सूलची बाटलीही दाखवावी.