'रिस्टोअर्ड' पिनबॉल मशीन आणि माझे 3,75,300 रुपये

एका आयातदाराकडून मी विल्यम्स कंपनीचे 1993 सालचे पिनबॉल मशीन (नाणे टाकून चेंडू टोलवत गुण मिळवायचा खेळ) 3,40,000 रुपयांना घेतले. भिवंडीच्या गोदामापासून चिंचवडपर्यंतचा टेम्पो आणि हमाली यांचे 14,500 रुपये वेगळे द्यावे लागले. 'पूर्ण रिस्टोअर्ड, 230 व्होल्टवर कन्व्हर्ट केलेले, अमेरिकेत एकाच घरात वापरलेले' हा त्याचा मजकूर व्हॉट्सॲपवर अजून आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खोटा निघाला.

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. पैसे पाठवण्याआधी त्याने व्हिडिओ पाठवला होता. मशीन चालू होताच पडद्यावर नारिंगी ठिपक्यांत 'फॅक्टरी सेटिंग्ज रिस्टोअर्ड' अशी ओळ उमटते, आणि मी ती मशीन नव्यासारखे केल्याची पावती समजून कौतुकाने पत्नीलाही दाखवली. वास्तविक त्या ओळीचा अर्थ एवढाच असतो की बोर्डावरच्या तीन पेन्सिल सेलनी मान टाकली आहे आणि मशीनची मेमरी पुसली गेली आहे. मेमरीबरोबर खेळांची मोजणीही पुसली जाते. 'एकूण खेळ 14, बघा, घरगुती मशीन आहे' असे तो म्हणाला. तीस वर्षे जुन्या मशीनवर 14 खेळ, आणि मी मान डोलावली! त्याच व्हिडिओत तो डावा फ्लिपर (चेंडू टोलवणाऱ्या दांड्याचे बटण) दाबतो, मग उजवा दाबतो, दोन्ही एकदम एकदाही दाबत नाही.

घरी दोन्ही फ्लिपर एकदम दाबले की पडदा काळा होऊन मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. 'तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे' असे सांगून त्याने 11,800 रुपयांचा स्टॅबिलायझर गळ्यात मारला. त्याचा माणूस दोनदा आला, प्रत्येक खेपेचे 4,500 रुपये घेऊन गेला. तो नाण्यांच्या दारामागची चार बटणे दाबून 'सेटिंग' करी, फ्री प्ले (नाण्याशिवाय खेळ) लावून जाई, आणि मेमरी पुसली गेल्याने सकाळी मशीन पुन्हा नाणी मागे.

शेवटी मीच प्लेफिल्ड, म्हणजे खेळाचा पाट, वर उचलून पाहिले. तळाशी 300 व्हीएचा एक स्टेप-डाउन डबा (230 व्होल्टचे 115 करणारा) प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलेला होता, ट्रान्सफॉर्मरचे जंपर (कोणत्या व्होल्टेजवर चालायचे ते ठरवणाऱ्या जोडण्या) 115 व्होल्टवरच होते आणि फ्यूज 8 अँपिअरचा होता. दोन्ही फ्लिपरच्या कॉइल एकदम ओढल्या की तो डबा दबतो, 5 व्होल्टची लाइन खाली येते आणि प्रोसेसर रीसेट होतो. मी प्लग काढून जंपर बदलले, 5 अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि 230 व्होल्टला चालणारा व्हॅरिस्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा भाग) बसवला. खर्च 260 रुपये. कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये माझी 24 वर्षे गेली आहेत, हे इथे लिहितानाही संकोच वाटतो. पण गोदामात मशीन उघडू दिले असते तर मी फसलो नसतो, हेही खरे आहे. सेलच्या गळतीने हिरवा पडलेला बोर्ड मात्र 260 रुपयांत सुधारत नाही. तेव्हा सेलच्या जागेचा आणि जंपरचा जवळून काढलेला फोटो आधी मागा, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.

पोलीस चौकीत 'ही दिवाणी बाब आहे' असे सांगून अर्ज घेतला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा 'खेळण्यावर एवढे पैसे?' असे विचारून साहेब हसले आणि शेजारच्या हवालदारालाही त्यांनी तो किस्सा ऐकवला. सायबर शाखेने व्यवहार प्रत्यक्ष भेटीनंतरचा आहे म्हणून चौकीकडे बोट दाखवले, चौकीने पुन्हा सायबरकडे. बँकेचे म्हणणे, एनईएफटी तुम्हीच केली. तिन्ही ठिकाणी मला बिल ऑफ एंट्रीची (आयात मालाच्या कस्टम्स कागदाची) प्रत मागितली गेली, जी आयातदाराने कधी दिलीच नव्हती. ती हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, एवढाच काय तो दिलासा.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. नव्या व्हिडिओतही तो फ्लिपर एकेक करूनच दाबतो.