गावचे सेवा केंद्र: सातबारा मिळाला, आठ-अ राहिला
करवीर तालुक्यातील आमच्या गावच्या सेवा केंद्रात पीककर्जासाठी सातबारा काढायला गेलो, तेव्हा चालकाने गट क्रमांक विचारून दहा मिनिटांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हातात ठेवला. पूर्वी याच कागदासाठी तलाठ्याकडे दोन हेलपाटे ठरलेले असत. मात्र आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातील एकूण जमिनीचा उतारा, निघण्याआधीच वीज गेली, इन्व्हर्टर केव्हाच बसलेला, आणि रांग ऊसतोडीच्या गप्पांत रंगली. विजेचेच बोलायचे तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, हे निवडणुकीत घरोघर पोचले. पण बिल माफ झाले तरी विजेच्या रात्रपाळीत हातात बॅटरी घेऊन ऊस पाजायला जाणे काही चुकलेले नाही. संकेतस्थळावर १५ रुपयांना मिळणाऱ्या उताऱ्याचे येथे ५० घेतले, तेही पावतीशिवाय. वीज असली की काम चोख आहे; जाताना सुटे पैसे न्यावेत आणि पावती मागून घ्यावी.