१९३२ च्या फोर्डमध्ये काय बसवायचं: फ्लॅटहेड की स्मॉल-ब्लॉक?

चासी (गाडीचा सांगाडा) घासून-रंगवून झाली, चाकं लागली, आणि गाडं अडलं इंजिनपाशी. अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांमधला हा जुनाच वाद.

फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, याच गाडीबरोबर १९३२ मध्ये आला. सिलिंडरांचं आकारमान २२१ घनइंच, ताकद ६५ अश्वशक्ती. आज ऐकून हसू येईल. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) नसून ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव धडात असतात. जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर पडतो, थंड करणारं पाणीही तापवतो. म्हणून जुना ब्लॉक घेताना आधी तडे बघायचे. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) आणि सिलिंडरच्या मधली जागा तर बारकाईने. मशीन शॉपचं बिल भरल्यावर तडा दिसला, तर पैसे पाण्यात.

शेवरोलेचा स्मॉल-ब्लॉक १९५५ चा, २६५ घनइंचांचा. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, ताकद कितीतरी जास्त. पुढे आलेला ३५० घनइंचांचा इतका खपला, की सुटे भाग शोधत फिरावं लागत नाही. पण डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागे, त्यामुळे तो फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याला भिडतो. फायरवॉल आत घ्यायची म्हणजे अस्सल जुन्या पत्र्यावर कटर चालवायचा. (हात थरथरतो हो!) फ्लॅटहेडचा डिस्ट्रिब्युटर पुढे, त्यामुळे ती कापाकापीच नाही.

रोज चालवायची, लांब जायचं, तर शेवरोले घ्या. पत्रा शाबूत असेल, तर मी मात्र फ्लॅटहेडच बसवेन आणि मोठा रेडिएटर लावेन.