वन पॉट चिकन नूडल्स: अळणीतले, पांढऱ्या रश्शातले की कढईतले?

रात्री पोळ्या लाटायचा कंटाळा आलाय, चिकन आणलेलं आहे, पोरं नूडल्स नूडल्स करतायत आणि सिंकमध्ये भांड्यांचा ढीग नकोय, अशा वेळी एकाच भांड्यात चिकन आणि नूडल्स शिजवून मोकळं व्हायचं हे पटकन ठरतं. पण नेमकं कुठलं करायचं यावर गाडी अडते, कारण शोधायला गेलात तर शंभर रेसिप्या दिसतात. नीट बघितलं तर त्या फिरून फिरून तीनच प्रकारच्या असतात. एक पातळ सूपवाला, म्हणजे आपलं अळणी आणि त्यात नूडल्स. दुसरा नारळाच्या दुधातला, पांढऱ्या रश्शाच्या जवळचा. तिसरा कढईतला, टोमॅटो-ढोबळी मिरची घालून केलेला, रस अंगाबरोबर असलेला. चांगले तिन्ही आहेत, पण तिन्ही सगळ्या घरांना चालत नाहीत.

माझ्या मते चव हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न हा की घरातले सगळे एका वेळी जेवायला बसतात का? कारण चिकन थांबतं, नूडल्स थांबत नाहीत. रश्शात पडलेलं नूडल गॅस बंद केल्यावरसुद्धा पाणी पीत राहतं, अर्ध्या तासात फुगून मऊ होतं आणि रस्सा गायब. आठला एक जेवणार, साडेनऊला ऑफिसमधून दुसरा येणार, दहाला तिसरा क्लासवरून, असं असेल तर सूपवाला प्रकार रेसिपीत लिहिलाय तसा करून उपयोगच नाही, त्यात थोडा बदल लागतो तो खाली सांगते.

अळणीतले

कोल्हापूर, सांगली, सोलापूर बाजूच्यांना हे सांगायला नको. चिकन किंवा मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवतात आणि मसाला पडायच्या आधी त्यातलं पाणी वाटीभर काढून ठेवतात, लहान मुलांना, आजी-आजोबांना, ताप येऊन गेलेल्याला. बाहेर चिकन नूडल सूप म्हणून जे मिळतं त्याचा पाया यापेक्षा वेगळा काही नाही, लडाख-सिक्कीमला फिरायला गेलेल्यांनी थुक्पा खाल्ला असेल तर तोही याच वळणाचा, साधा रस्सा, भाज्या, नूडल्स. त्यामुळे हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही, फक्त भाकरी-भाताच्या जागी नूडल्स आले.

चार जणांना साधारण ६०० ग्रॅम हाडासकट करी कट चिकन, तेलावर थोडा कांदा, ठेचलेलं आलं-लसूण, हळद, ४-५ मिरे, मीठ, त्यात चिकन परतायचं, गाजर आणि फरसबी टाकायची आणि दीड लिटर पाणी. ५ लिटरच्या कुकरमध्ये आरामात मावतं. ब्रॉयलरला २ ते ३ शिट्ट्या पुरतात, गावठी कोंबडी असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतील पण रस्सा जो होतो ना त्याला तोड नाही. वाफ आपोआप जाऊ द्या, घाईने शिट्टी उचलली तर पातळ रस्सा वरून उडतो आणि हात भाजतो. झाकण काढलं की रस्सा परत उकळवायचा आणि मग त्यात २०० ग्रॅम नूडल्स, झाकण न लावता, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी गॅस बंद. लिंबू, कोथिंबीर, झालं.

याचा मोठा फायदा म्हणजे एकाच भांड्यातून दोन चवी निघतात. पोरांना आणि सासू-सासऱ्यांना तसंच वाढा, आणि ज्यांना झणझणीत हवं त्यांच्यासाठी छोट्या कढल्यात तेल तापवून लसूण आणि गॅस बंद करून कांदा-लसूण मसाला, ती तर्री त्यांच्या वाटीत वरून. (कढलं धुवावं लागतं, मान्य, पण त्याला कोणी दुसरं भांडं म्हणत नाही.) तोटा एवढाच की सूप पिऊन पोट भरत नाही म्हणणारी माणसं प्रत्येक घरात असतात, त्यांना तासाभराने परत भूक लागते, आणि हे डब्यात देता येत नाही.

आणि उशिरा येणाऱ्यांचं काय, तर त्यांच्या वाटणीचा रस्सा आणि चिकन नूडल्स घालायच्या आधीच काढून ठेवा. आले की तेवढा उकळवून त्यात मूठभर नूडल्स टाकल्या की ५ मिनिटांत ताजी वाटी तयार. रस्सा जास्तच करून ठेवला तर फ्रीजरमध्येही छान राहतो, पण नूडल्सशिवाय, हे विसरू नका.

पांढऱ्या रश्शातले

हा माझा सगळ्यात आवडता पण रोजचा नाही. सुरुवात अळणीसारखीच, फक्त त्यात काजू, तीळ, खसखस आणि ओल्या खोबऱ्याचं बारीक वाटण जातं, खडा मसाला थोडा, मिरपूड जास्त, आणि शेवटी नारळाचं दूध. आता हे वाचून कोणी म्हणेल पांढऱ्या रश्शात नूडल्स म्हणजे कैच्या कै. पण बर्मी खाव स्वे बघा, नारळाच्या दुधातलं चिकन आणि नूडल्स, घट्टपणासाठी बेसन, वरून उकडलेलं अंडं, तळलेला लसूण, तळलेला कांदा, लिंबू. १९६० च्या दशकात बर्मा सोडून परत आलेल्या भारतीयांबरोबर हा पदार्थ इकडे रुजला, सुरतेत तर तो खावसा म्हणून गल्लोगल्ली मिळतो. तेव्हा खोबरं, चिकन आणि नूडल्स ही जोडी आधीच जमलेली आहे, आपण फक्त वाटण आपलं घालायचं. कोकणात तांदळाचे शिरवाळे नारळाच्या गोड रसात खातातच की, इथे गुळाच्या जागी मीठ-मिरपूड.

खर्च आणि कटकट मात्र इथे सगळ्यात जास्त. खसखस-काजू स्वस्त नाहीत, वाटणासाठी मिक्सरचं भांडं निघालंच, म्हणजे वन पॉटचा दावा तिथेच संपला, आणि ताज्या नारळाचं दूध काढायचं तर अजून पातेलं-गाळणी-फडकं. २०० मिलीचं तयार पाकीट वापरलं आणि वाटणाऐवजी दोन चमचे बेसन आधी तेलावर भाजून घेतलं तर कटकट निम्मी होते, चव थोडी उतरते पण बुधवारी रात्री कोणी तक्रार करणार नाही. नारळाचं दूध शेवटी, मंद गॅसवर, नुसती वाफ दिसेपर्यंतच. खळाखळा उकळलं तर फुटतं आणि मग रस्सा दाणेदार दिसतो. त्यामुळे क्रम असा की नूडल्स आधी शिजू द्या, दूध सगळ्यात शेवटी, आणि लिंबू भांड्यात नाही तर ज्याच्या त्याच्या वाटीत. उरलं तर लगेच फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं नारळाच्या दुधाचं काहीही सकाळपर्यंत टिकत नाही.

पाहुणे असतील किंवा रविवारी सगळे घरात असतील तर हेच करा. वरचं सगळं, म्हणजे अंडं, कांदा, लसूण, मिरची-तेल, वाट्यांमध्ये टेबलावर मांडून ठेवलं की प्रत्येक जण आपापलं घालून घेतो, पोरांना तर तेच जास्त आवडतं.

कढईतले

टीनएजर असलेल्या घरात मत इथेच पडणार. पण एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा, याला चायनीजच्या गाडीची चव येणार नाही. गाडीवाला नूडल्स आधी उकडून, गार करून, तेल लावून ठेवतो आणि भयंकर मोठ्या आचेवर थोड्या थोड्या परततो, आपण घरच्या गॅसवर चार जणांचं कढईत कोंबलं की ते परतलं जात नाही, वाफवलं जातं. शिवाय वन पॉटमध्ये उकडायचं पाणी फेकत नाही, सगळा स्टार्च आतच राहतो, त्यामुळे ते मोकळं न होता सॉसी, लपथपीत होतं. मग त्या लपथपीतपणाशी भांडण्यापेक्षा त्याला शोभेल असं करावं. म्हणून मी तर म्हणेन कढईत हक्का नूडल्स घालूच नका, मॅक्रोनी किंवा पेने घाला.

बोनलेस चिकन, शक्यतो मांडीचं, आलं-लसूण-तिखट-मीठ लावून परतायचं, कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, २५० ग्रॅम मॅक्रोनी आणि साधारण ६०० ते ७०० मिली गरम पाणी, झाकण ठेवून मध्यम आचेवर, मधे मधे तळापासून हलवत, १२-१५ मिनिटं. पाणी आटलं आणि मॅक्रोनी कच्ची वाटली तर अजून अर्धा कप गरम पाणी. शेजवान चटणी घाला, पावभाजी मसाला घाला, चीज किसा, सगळं चालतं. तीन प्रकारांत डब्यात जाणारं हे एकच, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून गरम केलं तरी खाण्यासारखं राहतं. उणीव म्हणायची तर यात रस्सा नाही, सर्दी झालेल्या माणसाला किंवा पावसात भिजून आलेल्याला जे हवं असतं ते यातून मिळत नाही, आणि आजी-आजोबांना टोमॅटो-तिखटाने रात्री ॲसिडिटी.

नूडल्स कुठल्या

चुकीच्या नूडल्सने तिन्हीचा लगदा होऊ शकतो, म्हणून हे वेगळं लिहिते. हक्का नूडल्सचं पाकीट अळणीसाठी उत्तम, ४-५ मिनिटांत शिजतात आणि थोडा वेळ तग धरतात. इन्स्टंट नूडल्स बहुतेक आधीच तळून वाळवलेल्या असतात, त्यामुळे २-३ मिनिटांत होतात पण तितक्याच लवकर मऊ पडतात आणि त्यांचं तेल रश्शावर तरंगतं. आटा नूडल्स लिहिलं म्हणून तळलेल्या नसतील असं नाही, पाकिटामागचं वाचा. घरात तेच असेल तर वापरा, पण पुडीतला मसाला घालणार असाल तर मीठ आधी घालू नका, पुडीत भरपूर असतं. राइस नूडल्स पांढऱ्या रश्शाला सगळ्यात शोभतात, आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांना हाच पर्याय, फक्त त्या शिजवण्यापेक्षा गरम पाण्यात भिजवून शेवटी रश्शात सोडलेल्या बऱ्या. (भिजवायला अजून एक भांडं, हो.) आणि गव्हाच्या शेवया? चव छान येते, तुपावर भाजून घेतल्या तर जास्तच, पण त्या इतक्या बारीक की वाढून होईपर्यंत खीर होते. आजारी माणसाला, दात नसलेल्या आजोबांना मुद्दाम शेवयाच घालाव्यात, इतरांना नको. अमेरिका-इंग्लंडमध्ये असाल तर अंड्याच्या रुंद नूडल्स सहज मिळतात, सूपसाठी त्या मस्त.

चिकनचं थोडक्यात. रस्सा हवा असेल तर हाड हवंच, बोनलेसचा रस्सा पाणचट लागतो. चिमुकली पोरं असतील आणि हाडाची भीती वाटत असेल तर शिजल्यावर तुकडे काढून मांस सोडवून परत टाका, १० मिनिटांचं काम आहे पण निवांत जेवता येतं. छातीचं बोनलेस तिन्हीकडे टाळा, जास्त शिजलं की चोथा. चिकनवाला ओळखीचा असेल तर पाठ-मान वेगळी मागून घ्या, रश्शाला तेवढ्यानेच जोर येतो.

कुकर की पातेलं यावर वाद नको, रश्शासाठी कुकर वेळ वाचवतो. पण नूडल्स घालून कुकरचं झाकण लावू नका, मॅक्रोनी २ शिट्ट्यात करणारे खूप आहेत मला माहितीये, पण पिठूळ पाण्याचा फेस वर चढतो आणि वाफेचं भोक तुंबू शकतं. लावायचंच असेल तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर, वापरणाऱ्यांनीही चिकन प्रेशरवर आणि नूडल्स नंतर सॉटे मोडवर (झाकण न लावता) असंच करावं.

तर सोमवार ते शुक्रवार, घरात एक तरी म्हातारं किंवा लहान, माणसं वेगवेगळ्या वेळी जेवणारी, असं असेल तर डोळे झाकून अळणी करा, रस्सा वेगळा ठेवून. सकाळी डबे भरायचे असतील तर कढई. पांढरा तेव्हाच जेव्हा सगळे एकत्र बसणार आहेत आणि मिक्सर धुवायला कोणीतरी दुसरं आहे. तीन माणसं घरात आणि तिघांची तीन मतं असली तरीही अळणी, कारण त्याचं मागाहून काहीही करता येतं, अर्ध्यात नारळाचं दूध घाला, अर्ध्यात तर्री.

फक्त घरात एखादं माणूस चिकन खात नसेल, किंवा कुणाचा गुरुवार असेल, तर या तिन्हीतलं काहीही वन पॉट राहत नाही. भाज्या आणि नूडल्सचं त्यांचं छोटं पातेलं आधी, वेगळ्या गॅसवर, वेगळ्या डावाने करून बाजूला ठेवा आणि मग चिकनला हात लावा.