पहिल्यांदाच टीटीआरपीजी खेळायचाय तर कुठली सिस्टीम घ्यावी? देवगिरीच्या अंधारीतला एकच प्रसंग, पाच सिस्टीममधून

लातूरला आमचा ग्रुप चालू होऊन चार वर्षं झाली आणि ह्या चार वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला फोन एकच, "भैय्या, आम्ही चौघं-पाचजण आहोत, तो डायसचा गेम खेळायचाय, कुठलं पुस्तक घेऊ?" दरवेळी अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणलं.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टीटीआरपीजी म्हणजे टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो त्याला जीएम (गेम मास्टर) म्हणतात, बाकीच्यांचं एकेक पात्र असतं. जीएम सांगतो समोर काय आहे, तुम्ही सांगता मी काय करतो, आणि जिथं "होईल का नाही" असा प्रश्न येतो तिथं फासे टाकायचे. फासे कुठले, कधी टाकायचे आणि आकडा आल्यावर काय घडतं हे जे ठरवतं ती सिस्टीम. गोष्ट तुमचीच असते, मराठीतच चालते, पण सिस्टीम बदलली की त्याच गोष्टीची चव बदलते.

म्हणून आपण एकच प्रसंग घेऊ. शाळेच्या सहलीत दौलताबादला, म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यावर, सगळेच गेलेले असतात, तिथल्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतून, सगळेच एकमेकांचा शर्ट धरून चाललेत. गाईड सांगतात की शत्रू त्या अंधारात चाचपडत यायचा, मधीच उजेड दिसायचा, वाट सापडली म्हणून तिकडं पाय टाकला की सरळ खाली खंदकात. आता तुमचं पात्र तिथं आहे. मशाल विझलीय, हात भिंतीला लावून चालायलंय, आणि पुढं उजेड दिसायलाय. माझा धाकटा चुलतभाऊ पहिल्याच सेशनला एक सेकंद विचार न करता म्हणला, "उजेडाकडं जातो."

डंजन्स अँड ड्रॅगन्समधी, म्हणजे डीअँडडीत, जीएम म्हणणार डेक्स्टेरिटीचा सेव्ह मार, म्हणजे चपळाईवर वाचतोस का ते फासा टाकून बघ, बारा पाहिजेत. वीस बाजूंचा फासा, त्यात तुमच्या शीटवरचा, म्हणजे पात्राच्या कागदावरचा, बोनस मिळवायचा. कमी पडला तर पडला, आणि पडण्याचाही नियम आहे, दर दहा फुटाला एक सहाचा फासा डॅमेज, म्हणजे वीस फूट असेल तर दोन फासे. मागच्यानं कमरेचा पट्टा धरून ठेवलाय असं कुणी म्हणलं तर मी अ‍ॅडव्हांटेज देतो, मग वीसचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. हे लई भारी आहे बरं का, ११ किंवा जास्त यायला हवे असतील तर शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते आणि पोरांना ते गणित न सांगताच जाणवतं.

डीअँडडी १९७४ मधी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्यांनी काढलं, सगळ्यांचा बाप हाच. सध्या चालते ती पाचवी आवृत्ती, २०१४ ची, आणि तिचीच २०२४ ला सुधारलेली पुस्तकं आलीत. मुख्य पुस्तकं तीन, पण तिन्ही घ्यायची काहीच गरज नाही, मूळ नियम कंपनीनंच फुकट ठेवलेत, आणि २०२३ पासून त्यातला मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्समधी, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही वापरता येईल अशा खुल्या लायसन्समधी आहे. पुस्तकात बारा क्लास, म्हणजे योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार, लेव्हल एक ते वीस, जादूगार घेतला की मंत्रांची यादीच कित्येक पानांची. आम्ही सुरुवात ह्याच्यापासूनच केली होती आणि मला ते महागात पडलं. संध्याकाळी पाचला बसलो, आठ वाजेपर्यंत फक्त कॅरेक्टर बनवायलोत, सगळं इंग्रजीत, एक जण वाचणार आणि चौघं वाट बघत बसणार. गोष्ट चालूच झाली नाही. त्यातले दोघं पुढच्या रविवारी आले नाहीत, आणि ते खेळले असते हे मला आजही वाटतं, कारण गप्पा मारायला तेच सगळ्यात पुढं होते.

तरी डीअँडडी कुणासाठी हे स्पष्ट सांगतो. तुमच्या ग्रुपमधली पोरं बाल्डर्स गेट ३ ही कॉम्प्युटर गेम खेळलेली असतील तर डोळे झाकून हेच घ्या, ती गेम ह्याच नियमांवर आहे, त्यांना अर्धं आधीच येतं. दुसरं, आपल्याकडची पोरं बारावी झाली की पुण्याला जातात, तिथं होस्टेलला टेबल सापडलं तर ते बहुतेक डीअँडडीचंच असणार. आणि लेव्हल वाढत जाण्याची जी मजा आहे, वर्षभर एकच पात्र जपायचं, ती ह्याच्याइतकी दुसऱ्या कशात मला तरी सापडली नाही. फक्त मारामारी लांबते, पाच जण आणि चार गॉब्लिन म्हणलं की आमचा तास जातोच.

आता केअर्न. योखाय गाल ह्यानं २०२० ला काढलेली पातळशी पुस्तिका, पीडीएफ फुकट. पात्राला तीनच आकडे, ताकद, चपळाई, मनोबल, प्रत्येकी तीन फासे टाकून बेरीज करायची. क्लास नाही, तुमच्याकडं सामान काय आहे त्यावरूनच तुम्ही कोण ते ठरतं, आणि सामानाला जागा दहाच. अंधारीत काय झालं तेच सांगतो. चुलतभावाची चपळाई ९ होती, वीसच्या फाशावर ९ किंवा कमी यायला पाहिजे होते, आले १४. पडला. मी सहाच्या फाशानं डॅमेज म्हणलो, पाच आले. त्याचा एचपी, म्हणजे मार झेलायची शिल्लक, ३, ती संपली, उरलेले दोन ताकदीतून वजा, ११ ची ९ झाली, आणि ताकदीतून गेलं की लगेच ताकदीचा सेव्ह, चुकला तर माणूस जागेवरच आडवा. सगळे टेबलावर वाकले. सात आले. वाचला. मग वरून मावशीच्या पोरीनं विचारलं दोर कुणाकडं आहे, आणि तिघांनी आपापल्या दहा ओळी बोटानं तपासल्या. दोर एकाकडंच होता, तोही त्यानं सुरुवातीला "कशाला घ्यायचा" म्हणून नको म्हणलेला आणि मग घेतलेला. त्या दिवसापासून आमच्यात सामानाची यादी कुणी हलक्यात घेत नाही.

केअर्नमधी हल्ला चुकतच नाही, हत्याराचा फासा टाकला की त्यातून समोरच्याचं चिलखत वजा करून सरळ डॅमेज, त्यामुळं मारामारी दहा मिनिटात संपते आणि लोक मारामारी टाळायची अक्कल लढवतात. वाईट बाजू म्हणजे पात्र मरतात, आणि लेव्हल नाहीत, त्यामुळं "मला पुढं काय मिळणार" असं विचारणाऱ्याला ते रिकामं रिकामं वाटतं. पण आपल्यासाठी ह्यातली मोठी गोष्ट लायसन्सची आहे. केअर्नचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्समधी आहे, श्रेय देऊन आणि त्याच अटीवर तुम्ही त्याचं मराठी करून वाटू शकता. आम्ही दोन पानांत मराठी नियम लिहिले, झेरॉक्स काढली, आणि पात्र लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावतं. ज्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा तोही वीस मिनिटात खेळायलेला असतो.

डंजन वर्ल्ड २०१२ चं, त्याचा पाया २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डचा. इथं लुडोचे दोन फासे. बेरीज १० किंवा वर आली की जमलं, ७ ते ९ आली की जमलं पण काहीतरी भोगून, ६ किंवा खाली आली की जीएमच्या हातात. बोनस +१ असेल तर पूर्ण जमण्याची शक्यता ३६ पैकी १०, मधलं ३६ पैकी १६, फसण्याची १०. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा मधलंच येणार आणि खरी मजा तिथंच. अंधारीत ८ आले तर मी म्हणणार, पाय सुटला, एका हातानं कडा धरलायस, दुसऱ्या हातात राजाचं पत्र असलेली पिशवी आहे, पिशवी सोडतोस का हात? बघा, फासा एकदाच टाकला आणि पुढचा अर्धा तास तयार झाला. जीएम स्वतः हल्ल्यासाठी फासा टाकतच नाही. अडचण अशी की हे "पण काहीतरी भोगून" दर पाच मिनिटाला जीएमला सुचावं लागतं, नवा जीएम इथं गप्प होतो. कीर्तनकार, गोष्टी सांगणारा, गॅदरिंगला नाटक बसवणारा कुणी असेल तर त्याला जीएम करा, नसेल तर सहा महिन्यांनी ह्याच्याकडं या. डॅमेजला बाकीचे फासेही लागतात, ते लक्षात ठेवा.

फेट अ‍ॅक्सेलरेटेडबद्दल थोडंच लिहितो कारण मी कमी चालवलंय. २०१३ ची, एव्हिल हॅट कंपनीची. पात्राची वाक्यंच नियम असतात. "आजोबा देवगिरीवर मशालजी होते" असं तुम्ही शीटवर लिहिलं असेल तर अंधारीत एक फेट पॉइंट देऊन म्हणायचं, आजोबांनी हे सांगितलं होतं, आणि निकालात +२. उलट तुमच्याच वाक्यानं तुम्हाला अडचणीत आणलं तर पॉइंट परत मिळतो. फासे चार, वेगळे असतात, पण साध्या फाशावर १-२ म्हणजे वजा, ३-४ म्हणजे शून्य, ५-६ म्हणजे अधिक धरलं की काम होतं. बोलक्या ग्रुपला सोन्यासारखी सिस्टीम. लाजरा माणूस मात्र इथं मागं पडतो, मी पाहिलंय.

कॉल ऑफ कथुलू. १९८१ चं, केऑसियम कंपनीचं, सँडी पीटरसनचं, लव्हक्राफ्ट ह्या अमेरिकन लेखकाच्या भयकथांवरचं. इथं तुम्ही शूरवीर नाही, वकील, मास्तर, पत्रकार. सगळं टक्क्यात, दहाचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा, नजर ४५ टक्के असेल तर ४५ किंवा खाली यायला पाहिजे. टक्क्यांची भाषा बारावीच्या पोरांना शिकवावी लागत नाही. चुकलं तर "पुश" करता येतं, म्हणजे अजून एकदा टाकतो पण ह्यावेळी चुकलं तर परिणाम वाईट. अंधारीत उजेड बघून थांबलेला माणूस पुश करतो, अजून एक पाऊल पुढं टाकून डोकावतो, आणि खंदकात जे दिसतं त्यानं त्याची सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल, कमी होते. गेमचा मूळ काळ १९२० चं दशक, आणि तो काळ म्हणजे आपल्याकडं निजामाचं राज्य. त्याच सुमारास अजिंठ्याची चित्रं टिकवायला निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते, हे खरं आहे. मी त्यावर गोष्ट रचली, हैदराबादच्या पुरातत्त्व खात्यातला कारकून, औरंगाबादचा वकील आणि फर्दापूरचा वाटाड्या, लेण्यात रात्री दिवा धरून चित्र साफ करताना रंगाखाली अजून एक चेहरा निघतो. गच्चीवर लाईट गेलेली असताना ते सेशन झालं, आमच्या ग्रुपचं आजवरचं सगळ्यात चांगलं तेच. क्विकस्टार्ट नियम फुकट आहेत, त्यात एक गोष्टही आहे, आधी तेवढंच घ्या. मराठी करून वाटायची मोकळीक मात्र केअर्नसारखी नाही, घरात बसून समजावून सांगा. आणि ग्रुपमधी लहान पोरं असतील तर हे नको.

बाकीची पटकन. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती २०१९ ची, नियम ऑनलाईन फुकट आणि कायदेशीर, पण डीअँडडीपेक्षा जड, पहिल्यांदा नकोच. लेझर्स अँड फीलिंग्ज एका पानाची, एकच आकडा, पाहुणे आले की तासभर खेळायला मस्त. आणि किनवट, अहमदपूरसारख्या ठिकाणी सोबतीलाच कुणी नसेल तर आयर्नस्वॉर्न बघा, २०१८ चं, पीडीएफ फुकट, एकट्यानं खेळता येतं. सहाचा फासा आणि बोनस विरुद्ध दहाचे दोन फासे, दोन्हीला हरवलं तर पूर्ण जमलं, एकाला हरवलं तर अर्धं.

म्हणजे मला कुणी फोनवर एकच नाव विचारलं तर मी केअर्न म्हणतो. कारण आपल्याकडं अडतं ते नियम चांगले का वाईट ह्यावर नाही, वाचणारा एकच असतो आणि वेळ तीन तासच असतो ह्यावर अडतं. कुणाची क्लासची टेस्ट, कुणाचं दुकान, ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आली की दोघं गायबच. अशा ग्रुपला माणूस गैरहजर राहिला तरी गोष्ट न अडणारी सिस्टीम पाहिजे. तीन-चार सेशन केअर्नची करा, लोक टिकले आणि "माझं पात्र वाढलं पाहिजे" म्हणायलेत असं दिसलं की डीअँडडी, आणि रात्री घाबरायला आवडतंय असं दिसलं की कथुलू.

फासे मागवायच्या आधीच चालू करायचं असेल तर मोबाईलवर डायसचं अ‍ॅप आहेच, पण मला चिठ्ठ्या जास्त आवडतात कारण सगळ्यांच्या नजरा एका जागी राहतात. १ ते २० आकडे लिहून स्टीलच्या डब्यात टाका, झाकण लावून खडखड हलवा, ज्याची पाळी त्यानं न बघता एक काढायची. वाचून झाली की तीच चिठ्ठी घडी घालून परत डब्यात टाका, बाहेर ठेवली तर आकडे कमी होत जातात आणि शेवटच्या माणसाची शक्यता बिघडते.