कमरेचा माइक: साठच्या पटाला पुरतो का?

कमरेला पट्ट्याने बांधायची छोटी स्पीकरची डबी आणि डोक्यावर अडकवायचा काडीसारखा माइक. सहावी-सातवीला शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांत हल्ली याची बरीच विचारणा असते, आणि त्याला कारण आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय, पण शहरातल्या तुकडीत ६० डोकी असणं काही नवल नाही. वर पंखे, बाहेर रस्त्यावरचे हॉर्न, जुलैत पत्र्यावर पाऊस. दिवसाचे सहा तास असे घेतले की पहिल्या पंधरवड्यातच घसा बसतो.

यंत्र कामाचं आहे, पण ओरडायची सवय तशीच ठेवून ते लावलं तर पैसे पाण्यात. गोंगाट वाढला की आपलाही आवाज नकळत चढतो. माइक लावूनही तो चढाच राहिला, तर घशाला आराम काही नाही आणि मुलांच्या कानाला त्रास मात्र दुप्पट. शेजारच्या बाकावरच्या मुलाशी बोलतो तेवढ्याच आवाजात बोलायचं, बाकीचं डबीवर सोडायचं.

आवाज किती ठेवायचा हे वर्ग रिकामा असताना ठरवावं. सोबतच्या सरांना किंवा बाईंना शेवटच्या बाकावर बसवून एक परिच्छेद शुद्धलेखनासारखा वाचावा. साध्या डबीचा नॉब निम्म्याच्या पुढे गेला की आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो. मग ट-ठ, त-थ सगळं एकसारखं ऐकू येतं आणि वह्यांत ‘पाठ’चं ‘पाट’ होतं. फरशी आणि उघड्या भिंतींच्या वर्गात आवाज घुमतो, तिथे नॉब आणखी खाली.

सगळ्यात जास्त तक्रार शिट्टीची. डबीतून निघालेला आवाज माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो, आणि कुईऽऽ करून मागच्या बाकांची चंगळ होते. डबी छातीवर लटकवली किंवा टेबलावर ठेवून तिच्यापुढे फेऱ्या मारल्या की हे होणारच. पोटासमोर बांधून फळ्याकडे वळलं तरी आवाज भिंतीवर आपटून परत येतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी डबी डाव्या कुशीला घ्यावी: फळ्यावर लिहिताना आपण उजवा खांदा फळ्याकडे करून तिरके उभे राहतो, तेव्हा डावी बाजू, म्हणजे डबीचं तोंड, आपोआप वर्गाकडे राहतं. माइक तोंडासमोर नको, ओठाच्या कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर हवा. समोर धरला तर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ला हवेचा धप्प ठोका बसतो.

साडी नेसणाऱ्या बाईंसाठी पट्टा ही खरी कटकट आहे. क्लिप निऱ्यांपाशी खोचली तर तासभरात निऱ्या सुटायला लागतात. पट्टा पूर्ण कमरेभोवती, पदराच्या खालून घ्यावा आणि पदर पिन करावा. सुटा पदर डबीच्या जाळीवर आला की आवाज दबतो, माइकच्या वायरला घासला की खरखर. ओढणीचंही तेच.

वायरचा घ्यावा की बिनवायरचा? साधारण हजार-दीड हजारात वायरचा येतो, बिनवायरला जवळपास दुप्पट. १६,००० मानधनावरच्या शिक्षणसेवकाने सरळ वायरचाच घ्यावा. बिनवायरच्या काही स्वस्त जोड्या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. शेजारच्या वर्गातही तसाच माइक असेल तर सातवी ‘अ’च्या इतिहासात सातवी ‘ब’चं लघुतम साधारण विभाज्य ऐकू येतं. शिवाय तिथे माइक आणि डबी असं दोन्ही चार्ज करायचं, एक विसरलं की दुसरं निरुपयोगी.

वायरच्या माइकचं दुखणं ठरलेलं, वायर पिनेच्या मुळाशी तुटते. मधल्या सुट्टीत माइक डबीभोवती गच्च गुंडाळून पर्समध्ये कोंबला की दोन-तीन महिन्यांत आवाज येतो-जातो करायला लागतो. वायर सैल वेटोळं करून ठेवावी. तुटलीच तर मोबाइल दुरुस्तीवाला नवी पिन डाग देऊन लावून देतो. मोबाइलचा हेडफोन मात्र तिथे लावून बघू नये. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, या माइकच्या पिनेवर सहसा एक किंवा दोन, त्यामुळे जुळणी बसत नाही. म्हणून घेतानाच एक सुटा माइक जास्तीचा मागून घ्यावा.

घ्यायचा तर दुकानातच, लावून बघून. डबी कमरेला बांधून भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहावं, नॉब निम्म्यावर, साधं बोलावं. शिट्टी झाली तर दुसरा काढायला सांगावा. पिन हलकेच हलवून पाहावी, खरखर आली तर परत. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर फार विसंबू नये. गाणी, पेनड्राइव्ह, रंगीत दिवे यांचा वर्गात उपयोग नाही. परिपाठाला प्रार्थना लावता येते, तेवढंच.

जाळीत खडूची भुकटी बसते, ती कोरड्या ब्रशने काढावी. माइकवरचा स्पंजचा गोळा आठवड्याला साबणाने धुवून पूर्ण वाळवावा, आणि तो एकमेकांत वापरू नये. स्पंज न लावता तर अजिबात बोलू नये. थुंकीचा ओलावा आत जाऊन माइक मंद होतो.

भाषेच्या तासाला, मुलांनी बोलायचं असतं तेव्हा, डबी बंद ठेवावी. एकालाच माइक असला की बाकीचे आणखी पुटपुटतात. आणि गप्प न बसणारा वर्ग याने गप्प बसत नाही, ते काम वेगळं आहे.

चार्जिंग रोज रात्रभर ठेवण्यापेक्षा घरी आल्यावर लावून, भरलं की काढावं. मेच्या सुट्टीआधी बॅटरी पूर्ण उतरवून कपाटात टाकली तर जूनमध्ये ती उठत नाही. निम्मी भरून, पत्र्याखालच्या उन्हापासून लांब ठेवावी, आणि महिन्याने एकदा थोडी चार्ज करावी.