जुन्या स्कॉर्पिओचं इंटिरियर: घरी काय करावं आणि कुशनवाल्याकडे काय द्यावं

२००२ ते २०१४ या काळातल्या अनेक स्कॉर्पिओ आजही इंजिन आणि चासीने ठणठणीत आहेत. थकलेलं असतं ते आतलं. छताचं अस्तर लोंबतं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली असते, कार्पेटखाली ओल धरलेली असते, दरवाजाचे पॅड खडखडतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि पुढची पाच वर्षं हीच गाडी ठेवायची ठरली, की हे काम टाळता येत नाही.

पर्याय तीन आहेत: सगळं घरी करणं, सगळं सीटकव्हरच्या दुकानात देणं, किंवा भंगारातून बऱ्या अवस्थेतले भाग आणून बसवणं. यातला कोणताही एक पर्याय पूर्ण गाडीला लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. खोलणं, सुकवणं, फोम आणि छत घरी करा. शिवण बाहेर द्या. भंगारातून फक्त कडक प्लॅस्टिकचे भाग घ्या. सफारी, सुमो, बोलेरोवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी पाणी, मग कापड

दुकानात गाडी दिली तर सहसा सीटवर नवं कव्हर चढतं आणि फरशीवर व्हिनाइल, ज्याला बाजारात लॅमिनेशन म्हणतात, तेही एका दिवसात होतं. खालची ओल कुणी पाहत नाही. म्हणून फरशीचं काम घरचंच. पुढच्या दोन्ही सीट आणि मधली सीट काढा (त्याआधी बॅटरी आणि सीटखालच्या प्लगबद्दल खाली सीटच्या भागात सांगितलेली काळजी घ्या), दारांच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्या उचका आणि कार्पेट पूर्ण बाहेर घ्या. त्याच्या पोटाशी जो जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा थर, असतो तो पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो. जुलैत तो वाळणारच नाही, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतच काढा.

पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. एसी वीस मिनिटं चालवून गाडीखाली पाणी ठिबकतं का ते बघा. ठिबकत नसेल तर निचऱ्याची नळी तुंबलेली असू शकते आणि तेच पाणी पुढच्या पायाशी उतरत असेल. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे, म्हणजे हीटरची जाळी गळते आहे. फक्त पावसात ओल येत असेल तर काचेवर पाइपने पाणी सोडा, पण खालून सुरू करून हळूहळू वर जा, म्हणजे गळती नेमकी कुठल्या उंचीवर आहे ते कळतं. दरवाजांचं गणित वेगळं आहे. काचेच्या रबरातून थोडं पाणी दाराच्या आत जातंच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटलेला असेल तर तेच पाणी केबिनमध्ये येतं. मेकॅनिक काच दुरुस्त करताना हा पडदा फाडतात आणि तसाच ठेवतात. जाड पॉलिथिन कापून ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) तो पुन्हा चिकटवा. खालची भोकं सुईने मोकळी करा.

पत्र्यावरचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, त्यावर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं द्रावण), मग एपॉक्सी प्रायमर आणि रंग. सीटचे बोल्ट जिथे बसतात तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर दबला, तर इंटिरियरचं काम तिथेच थांबवा. आधी वेल्डिंग.

आता कार्पेट की लॅमिनेशन? लॅमिनेशन पुसायला सोपं, चिखलाला उत्तम, विटा-खतं-आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या गाडीला योग्य. पण ते चिकटवलेलं असतं, त्यामुळे खाली शिरलेलं पाणी वर दिसतही नाही आणि वाळतही नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यातल्या गाडीला आम्ही ते सुचवणार नाही. तिथे मूळ कार्पेट धुऊन, नमदा नवा टाकून, वर उंच कडांच्या सुट्ट्या रबरी मॅट घालाव्यात. सोलापूर, विदर्भ, मराठवाड्यात, गाडी कुठूनही गळत नाही याची खात्री झाली असेल तर लॅमिनेशन चालेल.

छताचं अस्तर

हे काम घरी केल्याने सर्वात जास्त पैसे वाचतात. तरी बहुतेकांना भीती वाटते ती याचीच. अस्तर का लोंबतं ते आधी समजून घ्या. कापडाच्या पाठीला २-३ मिलिमीटरचा फोम असतो. उष्णता आणि दमटपणाने त्या फोमची पूड होते. गोंद अजून बोर्डाला चिकटलेला असतो, सुटतो तो फोम. म्हणून सिरिंजने गोंद मारणं, टाचण्या लावणं, स्प्रे मारून दाबणं हे सगळं पुडीवर चिकटवणं आहे. गोंद कापडातून वर येऊन पिवळे डाग पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात कापड पुन्हा खाली येतं. विकायच्या गाडीला टाचण्या पुरतील. ठेवायच्या गाडीला पूर्ण बोर्ड उतरवण्याला पर्याय नाही.

सन व्हायझर, हँडल, दिवे, खांबांवरचे प्लॅस्टिक कव्हर आणि सीटबेल्टचे वरचे बोल्ट काढा. पुढच्या सीट गाडीत असतील तर मागे आडव्या करा आणि दोघांनी मिळून बोर्ड मागच्या दारातून बाहेर काढा. तो दाबलेल्या तंतूंचा असतो आणि वाकवला की कायमची घडी पडते. जुना फोम नायलॉनच्या ब्रशने पूर्ण खरवडा. तारेचा ब्रश बोर्डच उकरतो. उरलेला प्रत्येक कण नव्या कापडातून गाठीसारखा दिसतो, म्हणून इथे घाई नको. मास्क लावा.

सामान: फोम लावलेलं ऑटो अस्तराचं कापड ६० इंच पन्ह्याचं ३ मीटर, आणि उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह साधारण २ लिटर. सोफ्याला वापरतात तो साधा रबरी गोंद उन्हात उभ्या गाडीच्या छताशी मऊ पडतो. डब्यावर तापमानाची मर्यादा लिहिलेली नसेल तर तो घेऊ नका. गोंद ब्रशने लावला तर जाड पडतो आणि फोम शोषून कडक होतो. शक्य असेल तर रंगाच्या स्प्रे गनने दोन्ही बाजूंना पातळ थर मारा. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासा झाला की कापड निम्मं दुमडून मधून सुरुवात करा, तळहाताने कडांकडे जा. खोलगट जागी कापड आधी खाली बसवा, मग पुढे ओढा. ताणून टाकलं तर तिथे ते महिन्याभरात उचललं जातं. कडांना ३-४ सेंटिमीटर कापड मागे वळवून चिकटवा.

सीट: फोम घरी, शिवण बाहेर

तयार कव्हर, नव्याने शिवलेलं आवरण, की भंगारातली पूर्ण सीट? मूळ कापड फाटलेलं नसेल आणि फोम शाबूत असेल तर तयार कव्हर पुरेसं आहे. पण बसलेल्या फोमवर चढवलेलं घट्ट कव्हर काही महिन्यांत सुरकुततं, मग ते किती का महाग असेना. दोष फोमचा असतो आणि नाव कव्हरचं खराब होतं.

भंगारातली सीट स्वस्त पडते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असे भाग मिळतात. मात्र २०१९ च्या सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे भागही बाजारात फिरू शकतात. सीट उलटी करा. रुळांत बारीक वाळलेला गाळ, स्प्रिंगवर सारखा पसरलेला गंज, फोम नाकाशी धरल्यावर कुबट वास, यातलं एकही दिसलं तर सोडून द्या. रुळांची बोल्टची भोकं तुमच्या गाडीशी जुळतात का तेही मोजून घ्या.

घरचं काम असं: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं थांबा, मग सीटखालचे प्लग काढा. पिवळा प्लग एअरबॅग किंवा बेल्टच्या प्रिटेन्शनरचा (अपघातात बेल्ट घट्ट ओढणाऱ्या यंत्राचा) असतो. तो ओढताना किल्ली चालू असता कामा नये. आवरण तारेच्या कड्यांनी अडकवलेलं असतं, त्या पक्कडीने कापा. आतल्या तारा जपून ठेवा, त्या नव्या आवरणात लागतात. फोम फेकू नका. साच्यात ओतलेल्या मूळ फोमला तारांसाठी खाचा असतात आणि दुकानातल्या लादीतून कापलेल्या नव्या फोमला तो आकार कधीच नीट येत नाही. बसलेली कड सरळ रेषेत कापून काढा, तिथे किमान ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो) तुकडा चिकटवा, ब्रेडच्या सुरीने आकार द्या आणि वरून १० मिलिमीटरचा मऊ थर लावा म्हणजे सांधा बोचत नाही. फोमच्या खाली स्प्रिंगने कापलेल्या खाचा दिसल्या तर मधे जाड नमद्याचा तुकडा टाका. हा तुकडा टाकला नाही तर नवा फोमही तसाच कापला जातो.

शिवण मात्र घरच्या मशीनवर होत नाही. पायपिंगपाशी (कडेच्या गोल गोटाशी) रेक्झीनचे चार थर येतात, तिथे घरगुती मशीन टाके सोडतं. जुनं आवरण शिवणीवर उसवून, प्रत्येक तुकड्यावर खुणा करून कुशनवाल्याकडे द्या. तोच त्याचा नमुना. सगळ्या सीटना ५४ इंच पन्ह्याचं साधारण १० ते १२ मीटर कापड लागतं. जाड नायलॉनचा दोरा मागून घ्या, सुती दोरा उन्हाने आणि घामाने कुजतो.

कापडात निवड करताना भाव शेवटी बघा. पीव्हीसी रेक्झीन स्वस्त आणि पाण्याला पक्कं, पण उन्हात मऊपणा गमावून कडांना चिरतं, आणि मे महिन्यात पाठ भिजवतं. पीयू (पॉलीयुरेथेनचं नकली चामडं) हाताला छान लागतं, पण दमट हवेत हलक्या प्रतीचं पीयू काही वर्षांत पापुद्रे सोडतं, म्हणून किनारपट्टीला टाळा. विणलेलं ऑटो कापड थंड आणि टिकाऊ, फक्त लहान मुलं असतील तर डाग धरतं. आमची पसंती: बसायची मधली जागा कापडाची, कडा आणि पाठीमागचा भाग पीव्हीसीचा. सोफ्याचं कापड कितीही सुंदर असो, घेऊ नका. गाडीच्या आतल्या कापडासाठी आग पसरण्याची मर्यादा घालणारं आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. दुकानदाराला त्याबद्दल विचारा.

डॅशबोर्ड, दरवाजे आणि बेल्ट

डॅशबोर्डला रंग लावण्यापेक्षा तो नुसता स्वच्छ करणं बरं. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षं सिलिकॉनचं पॉलिश बसलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही, फुटकुळ्या येतात. भागाच्या मागे उमटवलेली अक्षरं वाचा, त्यावरून प्लॅस्टिकचा प्रकार कळतो: एबीएस असेल तर रंग नीट धरतो, पीपी असेल तर आधी प्लॅस्टिकचा खास प्रायमर लागतो, नाहीतर नखाने सोलला जातो. एकदोन तडकलेले भाग भंगारातून आणणं हाच शहाणपणाचा मार्ग, फक्त वर्ष जुळवा. २०१४ मध्ये स्कॉर्पिओचा डॅशबोर्ड पूर्ण बदलला. दरवाजाच्या पॅडची खडखड बहुतेक तुटलेल्या खटक्यांची असते. काम सुरू करण्याआधीच पंचवीस-तीस खटके आणून ठेवा, जुने निघताना मोडतातच.

सीटबेल्ट कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, पूर्ण ओढून सावलीत वाळवा. ब्लीच किंवा रंग लावू नका, धाग्याची ताकद जाते. कड विसविशीत झालेला बेल्ट शिवून घेऊ नका, पूर्ण नवा बसवा. सीट आणि बेल्टचे बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळा. शेवटी सगळे प्लग लावून झाल्यावरच बॅटरी जोडा आणि गाडीला एअरबॅग असेल तर किल्ली फिरवल्यावर तिचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का ते पाहा. तो पेटताच राहिला तर सीटखालचा पिवळा प्लग पुन्हा तपासा.